भिंतींचे रक्षण आणि सरकारी अनुदान

सार्वजनिक ठिकाणची भिंत दप्तरी नोंदीप्रमाणे कोणाची असते आणि नित्याच्या वहिवाटीने कोणाची असते, या दोन प्रश्नांचे उत्तर क्वचितच एक येते. रुळांलगतची भिंत रेल्वेची, उद्यानातल्या शौचालयाची भिंत नगरपालिकेची, कोपऱ्यावरच्या दुकानाची बाजूची भिंत दुकानदाराची, असे कागदोपत्री लिहिलेले असले, तरी सकाळसंध्याकाळ तिच्यासमोरून जाणारी शाळकरी मुले, कामावरून परतणारी माणसे आणि काठी टेकत फिरायला निघालेले वृद्ध यांच्या अनुभवात ती सर्वांचीच असते. आणि म्हणूनच रात्रीतून तिच्यावर कोणी परवानगीवाचून रंगाचे फवारे मारले, शिव्या लिहिल्या किंवा एखाद्या समाजाविषयी द्वेषाचे शब्द काढले, म्हणजे नुकसान मालकापेक्षा त्या वाटसरूंचे अधिक होते. या नुकसानीची भरपाई कोणी करावी, आणि ती वारंवार करण्याची पाळी येऊ नये म्हणून आधीच कोणती तजवीज करावी, याचा विचार गेल्या चार दशकांत अनेक देशांच्या शासनांनी केला. आणि त्या विचारातूनच, वस्तीतल्या लोकांना हाताशी धरून भिंतींचे रक्षण करणाऱ्या योजनांना सरकारी तिजोरीतून अनुदान देण्याची पद्धत रूढ झाली. असे अनुदान मागण्यासाठी अर्ज कसा करावा, याचे विवेचन या प्रकरणात करावयाचे आहे. आणि त्यासाठी ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याचे उदाहरण मुख्यत्वे घेतले आहे, कारण कायदा, अनुदान आणि लोकांचा सहभाग या तिन्ही गोष्टी तेथे एकमेकींना जोडून उभ्या केलेल्या दिसतात.

भिंतीवरच्या चार रेघोट्यांसाठी शासनाने तिजोरी का उघडावी, अशी शंका कोणासही येणे स्वाभाविक आहे. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन या शहरी केस कायझर व त्यांचे सहकारी यांनी केलेले, आणि २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेले प्रयोग या शंकेचे निरसन करण्यास पुरेसे आहेत. दुकानांजवळच्या एका गल्लीत लोक आपल्या सायकली भिंतीलगत उभ्या करून खरेदीला जात. भिंतीवर रेखाटन करण्यास मनाई असल्याची पाटी तेथे होती, कचऱ्याची पेटी मात्र नव्हती. संशोधकांनी प्रत्येक सायकलीच्या हँडलला एक जाहिरातीचा कागद अडकवला आणि परत आलेला मनुष्य त्या कागदाचे काय करतो हे दुरून पाहिले. भिंत स्वच्छ असताना शेकडा ३३ जणांनी तो कागद खाली टाकला किंवा दुसऱ्याच्या सायकलीला अडकवला. त्याच भिंतीवर रेघोट्या ओढल्यानंतर असे करणारांचे प्रमाण शेकडा ६९ झाले. दुसऱ्या एका प्रयोगात टपालपेटीतून अर्धवट बाहेर आलेल्या पाकिटात पाच युरोंची नोट बाहेरून दिसेल अशी ठेवली होती. पेटी स्वच्छ असताना शेकडा १३ वाटसरूंनी ते पाकीट लांबवले, आणि पेटीवर रंगाच्या खुणा असताना शेकडा २७ जणांनी. जेथे एक नियम उघडपणे मोडलेला दिसतो, तेथे दुसरे नियम पाळण्याची माणसाची इच्छाही क्षीण होते, असा याचा अर्थ. जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी १९८२ साली मांडलेल्या ‘फुटक्या खिडक्यां’च्या सिद्धांताचा आधार घेऊन पुढे ज्या पोलिसी कडकपणाचे समर्थन झाले, तो योग्य की अयोग्य याविषयी विद्वानांत तीव्र मतभेद आहेत, परंतु अव्यवस्थेतून अव्यवस्था वाढते, एवढी मर्यादित गोष्ट ग्रोनिंगनच्या त्या गल्लीत स्पष्टपणे दिसून आली.

अव्यवस्था थोपवावी कशी, याचे दोन मोठे धडे अमेरिकेतील दोन शहरांनी दिले, आणि आजच्या बहुतेक अनुदानयोजनांत त्या दोहोंची छाया आढळते. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे सहा हजारांहून अधिक डबे आतून-बाहेरून रंगाने माखलेले असताना, १९८४ साली डेव्हिड गन यांच्या कारकिर्दीत तेथील प्राधिकरणाने असा दंडक घातला, की एकदा स्वच्छ केलेल्या गाडीवर पुन्हा रंग पडला, तर तो पुसल्याशिवाय ती गाडी प्रवाशांच्या सेवेत धाडावयाची नाही. आपले नाव शहरभर फिरावे या हव्यासाने जो रंग मारतो, त्याला ते नाव फिरताना कधीच दिसले नाही, तर त्याच्या श्रमाचे प्रयोजनच नाहीसे होते. आणि १२ मे १९८९ रोजी रंगलेला शेवटचा डबा सेवेतून काढण्यात आला. फिलाडेल्फियाने त्याच १९८४ साली निराळा मार्ग धरला. महापौर विल्सन गुड यांनी सुरू केलेल्या भित्तिविरूपणविरोधी उपक्रमात जेन गोल्डन या चित्रकर्तीने भिंती रंगवणाऱ्या तरुणांनाच हाती ब्रश देऊन परवानगीच्या भिंतींवर मोठी चित्रे काढावयास लावले, आणि त्यातूनच १९९६ साली ‘म्युरल आर्ट्स’ हा स्वतंत्र कार्यक्रम उभा राहिला, ज्याच्या हजारो भित्तिचित्रांसाठी ते शहर आज ओळखले जाते. त्वरेने पुसणे आणि हाताला काम देणे, या दोन उपायांची सांगड घालणारा अर्जदारच अनुदानाच्या स्पर्धेत टिकतो, हे आरंभीच सांगून ठेवणे इष्ट आहे.

व्हिक्टोरियात या विषयाचा पाया २००७ च्या ग्राफिटी प्रतिबंधक कायद्याने घातला. मालकाच्या संमतीवाचून दुसऱ्याच्या मालमत्तेवर खूण करणे हा त्या कायद्यान्वये दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा आहे. अठरा वर्षांखालील मुलांना स्प्रे पेंटचे डबे विकण्यास मनाई असून, ज्यांना नोकरीधंद्यासाठी ते लागतात त्यांच्यापुरता अपवाद ठेवलेला आहे. आणि रस्त्यावरून दिसणाऱ्या खाजगी भिंतीवरची ग्राफिटी, मालकाला पूर्वसूचना देऊन, पुसून काढण्याचा अखत्यार नगरपालिकांना दिलेला आहे. शिक्षा झालेल्या इसमांकडून समाजसेवेच्या हुकुमाखाली भिंती स्वच्छ करून घेण्याची व्यवस्थाही राज्याच्या सुधारसेवा खात्याने चालवली आहे. परंतु कायदा गुन्हा घडल्यानंतर जागा होतो, आणि भिंत तर गुन्हा घडण्यापूर्वीच राखावयाची असते. म्हणून २०११ पासून राज्याच्या न्याय खात्याने ‘कम्युनिटी क्राइम प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’ या नावाने जो गुन्हेप्रतिबंधाचा कार्यक्रम हाती घेतला, त्यात ग्राफिटीच्या प्रतिबंधासाठी आणि निर्मूलनासाठी स्वतंत्र अनुदानाची तरतूद करण्यात आली. हे अनुदान नगरपालिकांनी स्थानिक संस्थांच्या भागीदारीने मागावयाचे असे; काही फेऱ्यांत एका प्रकल्पासाठी मिळू शकणारी कमाल रक्कम २५,००० डॉलर होती. अशा योजनांचे नाव, मर्यादा आणि मुदत फेरीगणिक बदलतात. म्हणून त्या त्या फेरीची मार्गदर्शक नियमावली आधी अथपासून इतिपर्यंत वाचावी आणि मगच लेखणी उचलावी. पश्चिम ऑस्ट्रेलियात तर गुन्हेगारांकडून जप्त केलेल्या मालमत्तेच्या पैशातून गुन्हेप्रतिबंधाच्या स्थानिक उपक्रमांना अनुदान देण्याची पद्धत आहे, आणि सार्वजनिक धनाचा याहून न्याय्य विनियोग दुसरा क्वचितच सापडेल.

येथे एका नाजूक प्रश्नाचा विचार अर्जदाराने आधीच करून ठेवला पाहिजे, आणि तो म्हणजे पुसावयाचे काय आणि राखावयाचे काय. ज्या मेलबर्न शहरात ग्राफिटी हा गुन्हा आहे, त्याच शहरातली होझियर लेन ही गल्ली तिच्यावरील चित्रांमुळे जगभरच्या प्रवाशांना आकर्षून घेते. आणि २०१० साली याच गल्लीत बँक्सी या ख्यातनाम अनामिक चित्रकाराने काढलेले उंदराचे चित्र नगरपालिकेच्या सफाई कामगारांनी इतर रेघोट्यांबरोबर पुसून टाकले, तेव्हा सर्वत्र हळहळ व्यक्त झाली. त्या कामगारांना दोष देता येत नाही, कारण कोणती भिंत चित्रांसाठी मोकळी आणि कोणती नाही, याचा निर्णय त्यांच्या हाती पोचलेला नव्हता. कायद्याने कसोटी एकच ठेवली आहे, आणि ती सौंदर्याची नसून मालकाच्या संमतीची आहे. अर्जात याच कसोटीला धरून राहावे. तरुणांच्या कलेविषयी तिरस्काराची भाषा करणारा अर्ज परीक्षकांच्या मनात विपरीत ग्रह निर्माण करतो. आणि संमतीवाचून केलेल्या रंगकामाला कला म्हणून पाठीशी घालणारा अर्ज तर योजनेच्या उद्देशालाच छेद देतो.

अर्ज कोणी करावा, हा पुढचा प्रश्न. सरकारी पैसा व्यक्तीच्या हाती दिला जात नाही. तो घेण्यास, हिशेब देण्यास आणि प्रसंगी परत करण्यास जबाबदार अशी कायदेशीर संस्था लागते. व्हिक्टोरियात किमान पाच सभासद एकत्र येऊन ‘कन्झ्युमर अफेअर्स व्हिक्टोरिया’ या खात्याकडे आपल्या संस्थेची नोंदणी करू शकतात. आणि तेथे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना संस्थेची घटना, कार्यकारिणी, वार्षिक सभा व ताळेबंद ही परिभाषा मुळीच परकी वाटू नये. ज्या गटाची नोंदणी झालेली नाही त्याने एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या आश्रयाने अर्ज करावा, अशीही सोय अनेक योजनांत असते. मात्र अशा वेळी करारनामा त्या आश्रयदात्या संस्थेच्या नावे होतो आणि पैशाची जबाबदारीही तिच्यावरच राहते, म्हणून उभयतांमधील समजूत लेखी स्वरूपात आधीच नोंदवावी. ज्या योजनेत अर्ज नगरपालिकेनेच करावयाचा असतो, तेथे वस्तीतल्या संस्थेने मुदतीच्या आठवड्यात धावाधाव न करता, कित्येक महिने आधीच नगरपालिकेच्या समाजसुरक्षा विभागातील अधिकाऱ्यांची भेट घेऊन आपली कल्पना त्यांच्यापुढे ठेवावी. त्या अधिकाऱ्यांपाशी तक्रारींची नोंदवही असते, सफाईच्या खर्चाचे आकडे असतात, आणि पूर्वी फेटाळलेल्या अर्जांचा अनुभवही असतो.

यानंतर मालकाच्या संमतीचा कागद. ही बाब दिसावयास सोपी, परंतु अर्ज अडण्याचे हेच सर्वांत नेहमीचे ठिकाण होय. व्हिक्टोरियातील रेल्वेची बहुतेक जमीन ‘व्हिकट्रॅक’ या सरकारी मंडळाच्या मालकीची आहे, तर गाड्या चालवणारी कंपनी निराळी. विजेचे खांब वीज वितरण कंपन्यांचे, टपालपेट्या टपाल खात्याच्या, आणि रस्त्यावरच्या दूरध्वनी यंत्रणेच्या पेट्या दूरध्वनी कंपनीच्या. एकाच चौकात उभे राहून चार दिशांना पाहिले तर चार निरनिराळ्या मालकांची दारे ठोठवावी लागतील. त्यातच इमारत वारसा म्हणून संरक्षित असेल आणि तिच्या विटा आजवर कधी रंगवलेल्या नसतील, तर त्यांवर रंग चढवण्यासाठी नियोजनाचा स्वतंत्र परवाना लागतो. या संमतीपत्रांना लागणारा वेळ अर्जदाराच्या हाती नसतो. म्हणून भिंत निवडली की लगेच, इतर काहीही लिहिण्याआधी, तिच्या मालकास पत्र धाडावे आणि त्याचे उत्तर दप्तरात जपून ठेवावे.

आता प्रत्यक्ष अर्जाकडे वळू. विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. एका उपनगरात रेल्वेच्या रुळांखालून जाणारा पादचाऱ्यांचा भुयारी मार्ग आहे. त्याची लांबी ३० मीटर, भिंतींची उंची अडीच मीटर, म्हणजे दोन्ही बाजू मिळून १५० चौरस मीटर पृष्ठभाग. नगरपालिकेकडून तो वारंवार रंगवला जातो, तरी भिंतींवर पुन्हा नावे उमटतात. संध्याकाळी तेथून जाण्यास स्त्रिया कचरतात, आणि वृद्ध माणसे लांबचा वळसा घेऊन पुलावरून जातात. या परिस्थितीचे वर्णन ‘आमच्या भागात ग्राफिटीचा उपद्रव फार वाढला आहे’ एवढ्या वाक्यात करणारा अर्ज परीक्षकास काहीच सांगत नाही, कारण असे वाक्य प्रत्येक अर्जात असते. त्याऐवजी संस्थेच्या स्वयंसेवकांनी ठरावीक वारी, ठरावीक वेळी, ठरावीक जागी उभे राहून भिंतीची छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येक नव्या खुणेचा दिनांक, आकार आणि प्रकार एका वहीत नोंदवावा, म्हणजे ती नुसती स्वाक्षरीवजा टॅग आहे, मोठ्या अक्षरांचे रंगकाम आहे, काचेवरचा ओरखडा आहे की द्वेषाचा मजकूर आहे, हे त्यात यावे. नगरपालिकेकडून मागील वर्षात तेथे किती वेळा सफाई झाली आणि तिला किती खर्च आला याचा दाखला घ्यावा. आणि त्या वाटेने जाणाऱ्या लोकांना चार साधे प्रश्न विचारून त्यांची उत्तरे जशीच्या तशी लिहून घ्यावीत. तीन महिने चिकाटीने असे काम केलेल्या संस्थेला गरज सिद्ध करण्यासाठी विशेषणांची आवश्यकता उरत नाही, आणि पुढे प्रकल्पाच्या यशाचे मोजमाप करावयाचे झाल्यास हीच वही तुलनेचा आधार ठरते.

गरजेतून उपाय निघाला पाहिजे, आणि उपायांचा क्रम भिंतीच्या स्वभावावरून ठरला पाहिजे. सी. रे जेफ्री यांनी १९७१ साली आणि ऑस्कर न्यूमन यांनी १९७२ साली आपापल्या ग्रंथांत जो विचार मांडला, त्याचे सार असे, की जागेची रचनाच अशी करावी, की तेथे येणाऱ्याजाणाऱ्यांची नजर आपोआप पडेल आणि ती जागा कोणाच्या तरी ममत्वाची आहे हे पाहताक्षणी कळेल. आपल्या भुयारी मार्गाच्या बाबतीत याचा अर्थ, तोंडाशी वाढलेली झुडपे छाटून आरपार दृष्टी मोकळी करणे, सहज फोडता न येणारे दिवे बसवणे, आणि कोरी, गुळगुळीत, मोठी भिंत मोकळी न सोडता तिच्यावर चित्र, खडबडीत पृष्ठभाग किंवा वेल यांची योजना करणे. संरक्षक लेपांचीही माहिती अर्जदारास असावी. मेणासारख्या द्रव्याचा एक प्रकारचा लेप रंगासकट गरम पाण्याने धुऊन निघतो आणि प्रत्येक सफाईनंतर पुन्हा द्यावा लागतो. पॉलियुरेथेनचा दुसऱ्या प्रकारचा लेप कायम राहतो आणि त्याच्यावरचा रंग द्रावकाने पुसता येतो, पण जुन्या, मऊ विटांच्या भिंतीला तो दिला तर आतील ओल कोंडून विटांचे पापुद्रे निघण्याचा धोका असतो. तशाच भिंतीवर जोरदार पाण्याचा मारा केला, तर रंगाबरोबर विटेची भाजलेली बाह्य त्वचाही निघून जाते. एवढा तपशील ज्याच्या अर्जात दिसतो, त्याने भिंतीला हात लावून पाहिला आहे, हे परीक्षकास तत्काळ उमगते.

भित्तिचित्र काढावयाचे ठरल्यास चित्रकाराशी लेखी करार करणे अगत्याचे आहे. ऑस्ट्रेलियातील स्वामित्वहक्काच्या कायद्यात २००० साली झालेल्या दुरुस्तीने कलावंतास आपल्या कृतीखाली आपले नाव असण्याचा, आणि तिची विटंबना होऊ न देण्याचा नैतिक हक्क दिलेला आहे. म्हणून चित्र किती वर्षे ठेवावयाचे, त्याच्यावर रंग पडल्यास दुरुस्ती कोणी करावयाची, आणि भिंत पाडण्याची वेळ आल्यास चित्रकारास सूचना कशी द्यावयाची, हे आधीच लिहून ठेवावे. चित्राचा विषय वस्तीतल्या मुलांशी, वृद्धांशी आणि तेथील मूळ रहिवासी समाजाशी बोलून ठरवावा. कारण ज्या चित्रात आपला हात लागला आहे ते चित्र राखण्याची बुद्धी माणसाला उपजतच असते. ज्यांची नावे भिंतीवर वारंवार उमटतात त्या तरुणांना या कामात ओढून घेणे हा तर प्रकल्पाचा गाभाच समजावा. मात्र अल्पवयीन मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येक प्रौढाची त्या राज्यातील कायद्याप्रमाणे तपासणी होऊन त्याच्यापाशी तसा परवाना असावयास हवा, आणि ही गोष्ट अर्जात नमूद केलेली असावी.

अंदाजपत्रक हे अर्जाचे सर्वांत बोलके पान असते, आणि अनुभवी परीक्षक पुष्कळदा तेच प्रथम उघडतात. आपल्या भुयारी मार्गासाठी चित्रकाराचे मानधन, रंग व लेप, परांची, पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी अडथळे व पाट्या, तरुणांच्या कार्यशाळा, विम्याचा हप्ता आणि मूल्यमापन, अशी स्वतंत्र कलमे दाखवावीत आणि प्रत्येक मोठ्या कलमामागे एखाद्या व्यापाऱ्याचे लेखी दरपत्रक जोडावे. ऑस्ट्रेलियातील वस्तू व सेवा कर शेकडा १० आहे. दिलेल्या रकमा करासहित आहेत की करविरहित, हे न लिहिल्याने पुढे बेरीजच चुकते. संस्थेचा स्वतःचा वाटा केवळ रोख रकमेतच असला पाहिजे असे नाही. स्वयंसेवकांचे श्रम, नगरपालिकेने दिलेली वाहने, शाळेने मोफत दिलेली खोली, यांचेही मूल्य वाजवी दराने मांडता येते. परंतु ते फुगवू नये. फुगवलेला श्रमदानाचा आकडा सर्वांच्या आधी डोळ्यांत भरतो, आणि एका आकड्याविषयी उत्पन्न झालेला अविश्वास मग साऱ्या अर्जावर पसरतो. आणखी एक कलम हमखास विसरले जाते, ते देखभालीचे. अनुदान वर्षभरात संपते, भिंत मात्र तेथेच उभी राहते. दुसऱ्या वर्षी तिच्यावर खूण उमटल्यास ती २४ तासांत पुसण्यासाठी पैसा आणि माणूस कोठून येणार, याचे उत्तर ज्या अर्जात नाही, त्याला मंजुरी मिळू नये असेच म्हणावे लागेल.

यश कशावरून ठरवणार, हेही आधीच सांगावे लागते. किती लिटर रंग लागला, किती मुले कार्यशाळेला आली, किती पत्रके वाटली, हे आकडे कामाचे असतात, परिणामाचे नव्हेत. परिणाम म्हणजे पूर्वीच्या तीन महिन्यांच्या तुलनेत नव्या खुणांची संख्या किती उतरली, सफाईचा खर्च किती कमी झाला, आणि संध्याकाळी त्या वाटेने जाणाऱ्यांना आता कसे वाटते. येथे प्रामाणिकपणाची खरी कसोटी लागते; कारण एका भिंतीवरचा उपद्रव थांबला म्हणजे तो शेजारच्या गल्लीत सरकला नाही ना, हेही पाहावे लागते. म्हणून चित्र न काढलेली, साधारण तशीच असलेली दुसरी एक भिंत निवडून तिचीही नोंद समांतर ठेवावी. उपद्रव तिकडे सरकल्याचे दिसले, तर तेही अहवालात स्पष्ट लिहावे. त्यातून शासनाला पुढच्या योजनेसाठी जे ज्ञान मिळते, त्याची किंमत एखाद्या रंगीत भिंतीहून कमी नाही.

मंजुरीचे पत्र आले म्हणजे काम संपले, असे मानणारांची फसगत होते. करारनाम्यात हप्ते ठरलेले असतात, आणि पुढचा हप्ता मागील टप्प्याच्या अहवालाशी बांधलेला असतो. मंजूर कलमाव्यतिरिक्त खर्च करावयाचा झाल्यास आधी लेखी परवानगी घ्यावी लागते. प्रत्येक पावती सांभाळावी लागते, अखेरीस जमाखर्चाची रुजुवात करून द्यावी लागते, आणि उरलेली रक्कम परत करावी लागते. ही बंधने जाचक वाटली तरी ती योग्यच आहेत. तो पैसा कोणा अनामिक करदात्याने दिलेला असतो, आणि त्याने तो दुसऱ्याच्या वस्तीतल्या भिंतीसाठी विश्वासाने दिलेला असतो.

या साऱ्या विवेचनाचा महाराष्ट्राशी संबंध नाही, असे कोणी समजू नये. आपल्याकडेही मालमत्तेच्या विरूपणास प्रतिबंध करणारा राज्याचा अधिनियम १९९५ सालापासून आहे. आणि राष्ट्रीय संरक्षित स्मारकांची नासधूस वा विरूपण करणारास १९५८ च्या केंद्रीय कायद्यान्वये, २०१० च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तरीही आपल्या गडकिल्ल्यांच्या तटांवर आणि लेण्यांच्या भिंतींवर खडूने, कोळशाने लिहिलेली आणि खिळ्याने कोरलेली नावे आपण पाहतोच. ज्या दगडावर शतकांपूर्वीच्या पाथरवटाच्या छिन्नीची खूण आहे, त्याच्यावर आपले नाव कोरणारा मनुष्य पुढील पिढ्यांचा ठेवा हिरावून घेत असतो, आणि रंग पुसता आला तरी कोरलेली रेघ पुसता येत नाही, हे दुःख व्हिक्टोरियातील कोणत्याही भुयारी मार्गाच्या दुःखापेक्षा मोठे आहे. गडकिल्ल्यांच्या बाबतीतही दंडाच्या जोडीला गावकऱ्यांची नोंदवही, तरुणांचा सहभाग, मालक असलेल्या खात्याची लेखी संमती आणि मोजून दाखवलेला परिणाम यांची साथ मिळाली, तर तट राखण्याचे काम केवळ पहारेकऱ्यावर राहणार नाही. मात्र पुरातन दगडाला हात लावण्याचे काम पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांचेच. तेथे हौशी माणसाने ब्रश किंवा द्रावक घेऊन जाणे हेसुद्धा विरूपणच ठरेल.

अनुदानाचा अर्ज लिहू इच्छिणाऱ्या प्रत्येकास म्हणून एवढेच सांगणे आहे, की अर्जाचा कोरा नमुना समोर ओढण्यापूर्वी तीन गोष्टी हाती असू द्याव्यात: भिंतीची दिनांकवार नोंद, मालकाचे संमतीपत्र, आणि अनुदान संपल्यावर ती भिंत राखण्याचे वचन देणाऱ्या माणसांची नावे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी नसतील, तर अर्ज नामंजूर होईल. आणि तिसरी नसताना मंजूर झालाच, तर खर्च झालेला पैसा पहिल्या पावसाळ्यानंतर पुन्हा रंगाखाली जाईल. तेव्हा आरंभ त्या नावांपासून करावा.